पक्कडताईचा टेन्शनर

पक्कड हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण पडलं मात्र पाळण्यातच. बाप गॅरेजमधून आला, ग्रीसने माखलेलं बोट त्याने तान्ह्या पोरीपुढे नाचवलं, आणि पोरीने ते असं धरलं की आईला हातातलं काम टाकून सोडवायला यावं लागलं. "ही पोरगी कसली, पक्कड आहे!" बाप म्हणाला आणि झालं. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्मा लागला, तरी गिऱ्हाइकं तिला पक्कडताईच म्हणतात. आणि नाव काही चुकलं नाही हो. एकदा धरलेलं सोडणं हा प्रकार बाईला ठाऊकच नाही, मग तो गंजलेला नट असो नाहीतर भांडण.

बाप गेल्यावर गॅरेज दोघा भावंडांचं झालं. दादा थोरला. त्याची जागा दाराशेजारच्या काचेच्या खोलीत. फोन घ्यायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, चहा मागवायचा. इंजिनाची त्याला लहानपणापासून धास्ती. बापाने एकदा त्याला चालू इंजिनासमोर उभं केलं, तर पठ्ठ्या जो पळाला तो थेट आईच्या मागे जाऊन लपला. त्यानंतर बापाने हाताशी धरलं ते पोरीला. तिची जागा बोनेटच्या खाली. वाटणी अशी कोणी केली नाही, ती आपोआप झाली, आणि इतकी वर्षं तिच्यावरून दोघांत एकदाही वाजलं नाही.

बापाने तिला शिकवलं ते ऐकायला. रबरी नळीचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानात घालायचं आणि डोळे मिटायचे. "आधी ऐक, मग पाना उचल," एवढाच त्याचा धडा. पोर शिकली. पुढे पुढे तर गाडी कोपऱ्यावर वळताच ती आतून ओरडायची, "दादा, त्याला सांग, तिसरा प्लग गेलाय!"

आणि नेमके तेच कान आता तिला दगा देत होते. आधी फोनवरचं बोलणं पुसट झालं, मग दारावरची थाप ऐकू येईना, मग बोलणाऱ्या माणसाच्या ओठांकडे बघायची सवय लागली. पक्कडने कोणाला सांगितलं? छे! नाव नको. गिऱ्हाईक काही बोललं आणि कळलं नाही, की ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "नीट सांगा, कधी होतं, कुठे होतं?" तो बिचारा घाबरून सगळं परत, मोठ्याने सांगायचा. कडक बाई म्हणून उलट तिचा दरारा वाढला.

अशात आली दातवाल्या डॉक्टरांची लाल गाडी. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीलगत, जुन्या काळातली, शर्यतीत धावायच्या जातीची गाडी. डॉक्टर तिला रोज मऊ फडक्याने पुसत. त्यांची बायको म्हणायची, "एवढ्या मायेने कधी माझी विचारपूस केली असतीत, तर मीही अशीच चकचकीत राहिले असते." तर त्या गाडीचा टेन्शनर गेला होता, तोही दुसऱ्यांदा.

टेन्शनर म्हणजे काय, तर इंजिनाच्या पोटात एक चेन फिरते, तिला ताठ धरणारा भाग. सायकलची चेन सैल पडली की उतरते ना, तसंच हे. पण सायकलची उतरली तर आपण हात काळे करून परत चढवतो. इथे चेन एक दात जरी सरकली, तरी व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं भंगार होतं. या गाडीतला टेन्शनर चालायचा तेलाच्या दाबावर. गाडी उभी राहिली की त्यातलं तेल उतरायचं, आणि सकाळी चालू करताना चेन डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी खडखडायची. नवा मिळायची सोय नव्हती, कारण कंपनीने तो बनवणं कधीच सोडून दिलं होतं.

"तेलाच्या भरवशावर राहायचंच कशाला?" पक्कड म्हणाली आणि लेथवर जाऊन उभी राहिली. पोलादी सळईतून तिने जाडजूड स्क्रू कातला. त्याचं टोक आतल्या पट्टीला रेटणार, पट्टी चेनला रेटणार. बाहेरून तांब्याचा वॉशर आणि वर, स्क्रू जागचा हलू नये म्हणून, लॉकनट. तेलाची वाट तिने बुजवली, पण सुईएवढं भोक ठेवलं, म्हणजे चेन कोरडी पडायला नको.

दादा काचेच्या खोलीतून बघत होता. "कंपनीपेक्षा तू शहाणी का गं?"

"कंपनी आहे कुठे आता? मी आहे."

यात एक ग्यानबाची मेख होतीच. तेलावरचा टेन्शनर स्वतःला स्वतः सांभाळून घेतो. स्क्रूचा टेन्शनर माणसाने लावावा लागतो, इंजिन चांगलं तापल्यावर, आणि तो लावायचा कानाने. सैल राहिला तर खडखड. जास्त आवळला तर बारीक, लांबलचक सूं, म्हणजे पट्टी घासली जातेय, बेअरिंगांचा जीव चाललाय. या दोन्हींच्या मधे हलकीशी सळसळ असते, सुकं पान फरशीवरून सरकावं एवढीच. ती आली की थांबायचं आणि लॉकनट आवळायचा.

पक्कडने नळी कानात घातली. पुसट खडखड आली. तिने स्क्रू आवळला. आणखी पुसट. आणखी आवळला. आवाज बंद. झालं काम! तिने लॉकनट कचकचून आवळला, हात पुसले आणि डॉक्टरांना गाडी दिली. इतकी शांत गाडी तिने जन्मात लावली नव्हती.

डॉक्टर आठवडाभरात परत आले. चेहरा पडलेला. "ताई, गाडी रडतेय हो."

"रडतेय?" पक्कडने इंजिन चालू केलं, नळी कानात घातली, वाकून डोळे मिटले. काही नाही. ती ताठ उभी राहिली. "काही रडत-बिडत नाही. दिवसभर लोकांचे दात कोरता, ते मशीन बसलंय तुमच्या कानात."

एरवी डॉक्टर अशा बोलण्यावर खदखदून हसत. आज हसले नाहीत. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. पक्कड वळली. दादा काचेच्या खोलीच्या दारात उभा होता आणि त्याने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

त्या खोलीचं दार तिथून चांगलं लांब होतं.

"तुला हे ऐकू येत नाहीये?" दादा म्हणाला. पक्कडला ते ओठांवर दिसलं.

तिने इंजिन बंद केलं. चेनचं झाकण उघडलं. आतली पट्टी चेनने खरवडून निघाली होती, जागोजागी चर पडले होते. दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायची सोय नव्हती. स्क्रू तिचा, हात तिचा. एखाद्या नवशिक्याने हे केलं असतं तर तिने त्याला गॅरेजभर पळवलं असतं. आता पळवायचं कोणाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

डॉक्टर भला माणूस. "राहू दे गाडी इथेच," एवढं म्हणून ते निघून गेले. दादा मात्र जवळ आला आणि तिच्या तोंडासमोर उभा राहून बोलायला लागला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो काकुळतीला आला होता.

"अगं, उद्या कोणाचं इंजिन भर रस्त्यात बसलं, मागून ट्रक आला, तर? लोक बाबांचं नाव घेऊन थुंकतील. तो टायरवाला केव्हाचा मागे लागलाय, देऊन टाकू त्याला जागा. तू घरी बस, आराम कर."

"आराम? मी काय आजारी म्हैस आहे?"

"पक्कड, तुला ऐकू येत नाही!"

"नाही येत! नाही येत ऐकू, जा! झालं समाधान?" पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि ते असं ओरडून. "पण ही गाडी माझ्या हातून बिघडलीय. ती माझ्याच हातून सुधारेल. तोवर तुझ्या टायरवाल्याने इथे पाऊल टाकायचं नाही."

दादाने हात जोडले. "शनिवारपर्यंत. शनिवारी जमलं नाही तर गाडी दुसऱ्या गॅरेजला जाईल, आणि मी टायरवाल्याला शब्द देईन."

"दे की. शनिवार येऊ तर दे."

घरी आल्यावर तिने चपला भिरकावल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शांत माणूस. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. बऱ्याचदा बोललो. तुझी पाठ होती."

पक्कडला हसू आलं, आणि मग हसू आलं म्हणून राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र नवऱ्याच्या मागोमाग ती मुकाट्याने कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्या बाईंनी कानात उजेड टाकला, कपाळाला आणि कानामागच्या हाडाला आवाज काढणारा, थरथरता दोन दातांचा काटा टेकवून बघितला आणि कागदावर कानाचं चित्र काढलं. आतला भाग शाबूत आहे, म्हणाल्या. मधलं एक इवलंसं हाड आखडलंय, त्यामुळे बाहेरचा आवाज आत पोचत नाही.

"म्हणजे इंजिन ठणठणीत आहे आणि मधला सांधा जाम झालाय," पक्कड म्हणाली.

"असंच म्हणा."

ऑपरेशन करता येईल, नाहीतर कानात यंत्र. ऑपरेशनचं पुढे बघू म्हणून पक्कडने वापरून बघायला दिलेलं यंत्र लावलं आणि तडक गॅरेज गाठलं. अरे देवा! पाना पडला तर छप्पर कोसळल्यासारखं वाटलं. माणसांचं बोलणं कळायला लागलं, ते झकास. पण इंजिन चालू केल्यावर पंखा, पट्टा, चेन, रस्त्यावरचे भोंगे, सगळ्यांचा मिळून एकच गलका. त्या गलक्यातून सळसळ शोधायची कशी? तिने यंत्र काढून डबीत ठेवलं. घरी लावीन, दादाची कटकट ऐकायची असेल तेव्हा लावीन, इथे नको.

शुक्रवारी दादा बाहेर गेला होता. पक्कडने नवी पट्टी बसवली, इंजिन तापवलं आणि बोटं झाकणावर ठेवली. कान नाहीत तर बोटांनी लावू! पण बोटांना नुसती थरथर कळत होती, ती चेनची की पंख्याची हे सांगणार कोण. तिने बोटं उचलली, परत ठेवली, जागा बदलली. तिने इंजिनाला एक शिवी हासडली. मग कंपनीला. मग कानातल्या त्या इवल्याशा हाडाला.

डाव्या हातात लॉकनटवरचा पाना, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. हातोडीचा निखळलेला लाकडी दांडा, ज्याने ती झाकण ठोकून बसवत होती, तो ठेवायला जागा नव्हती. मेकॅनिकचा तिसरा हात म्हणजे तोंड. तिने दांडा दातात धरला आणि स्क्रूकडे वाकली. दांड्याचं पुढचं टोक चेनच्या झाकणाला टेकलं.

खडखड, खडखड, खडखड.

पक्कड जागच्या जागी थिजली. तिने मान वर केली. शांत. मान खाली केली, टोक टेकलं. खडखड! हा आवाज कानातून येतच नव्हता, तो जबड्यातून, डोक्याच्या कवटीतून थेट आत घुसत होता, आणि असा स्वच्छ की बापाच्या नळीतूनही तिने कधी ऐकला नव्हता. दात चावून धरत तिने स्क्रू आवळला. खडखड विरली. सळसळ आली. आणखी आवळला, तर सूं, बारीक, लांबलचक, अंगावर काटा आणणारी. हीच ती! हीच तिच्या नाकावर टिच्चून आठवडाभर गावभर रडत फिरली होती.

तिने दांडा काढला आणि इंजिनावर ओरडली, "सापडलीस ना, भवाने! आता जाशील कुठे?"

ती तिथल्या तिथे टेन्शनर लावून मोकळी झाली असती. पण मग तिला पक्कड कोण म्हणणार? चोरून लावायचा? मागच्या वेळी कानांचं कोणाला न सांगता लावला होता, त्याचं काय झालं ते दिसलंच. तिने स्क्रू पुन्हा पार सैल केला आणि लॉकनट बोटाने फिरवून ठेवला.

शनिवारी दुपारी डॉक्टर आले. टायरवालाही आला, मोजायचा टेप घेऊन, आणि 'फक्त बघतो' म्हणत भिंती मोजायला लागला. पक्कडने लाल गाडी ढकलत पार दारात आणली, रस्त्याकडे तोंड करून. इंजिन तापत होतं तोवर तिने कमरेवर हात ठेवले.

"डॉक्टर, चूक माझी होती. मला कानाने ऐकू येत नाही. बरेच महिने झाले. मी लपवलं, आणि तुमची पट्टी खाल्ली. आता मी हे परत लावणार आहे, तुमच्यादेखत. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा."

डॉक्टरांनी मान डोलावली. पक्कडने दांडा उचलला आणि दातात धरला.

"ताई!" डॉक्टर कळवळले. "अहो, दात!"

"पदले तर बशवायला तुमी आहात की," पक्कड दांड्याच्या कडेने म्हणाली.

रस्त्यावरची दोन-चार माणसं थबकली. कोणीतरी हसलं. दादाचा चेहरा शरमेने लाल झाला, तो धावत आला. "अगं, काय हा तमाशा! करायचंच तर आत नेऊन कर, लोक बघतायत."

पक्कडने दांडा काढला. "बघू देत. तिकीट लावायचं का?" आणि परत धरला.

मग तिला कोणी दिसेनासं झालं. ती वाकली, टोक टेकवलं, डोळे मिटले. थोडा आवळला. थोडा आणखी. सूं येताच मागे घेतला, केसभर, आणखी केसभर. सळसळ. डाव्या हाताने तिने लॉकनट आवळला आणि आवळताना स्क्रू हलला तर नाही ना, हे पुन्हा ऐकलं. हलला होता. तिने नट सोडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. लोक कंटाळून पांगले. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी गाडी काढली, लांबवर फिरवून आणली, आणि इंजिन चालूच ठेवून उतरले. डोळे भरून आले होते त्यांचे. "गप्प आहे. अगदी गुणी बाळासारखी गप्प."

"बघ!" पक्कड दादाकडे वळली.

दादा जमिनीकडे बघत होता. "एकदा जमलं गं. नशिबाने जमलं. रोज जमेल? लाकूड चावून काय ऐकू येतं कोणाला? मला तर हे पटतच नाही."

झालं! पक्कडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फडक्याने तिने दांडा पुसला, उलटा केला आणि दादाच्या छातीवर टेकवला. "धर."

"मी?"

"तूच. बाबांनी उभं केलं तेव्हापासून पळतोयस. काचेआड बसून तुला काय ठाऊक मी काय ऐकते? इतकी वर्षं माझ्या कानांवर जेवलास आणि आज म्हणतोस पटत नाही? धर दातात. मग घाल कुलूप."

"अगं पण इंजिन चालू आहे..."

"बंद इंजिनात काय ऐकणारेस, भजन? वाक!"

दादा वाकला. एका हाताने त्याने गाडीची कड अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. दांडा दातात धरून त्याने टोक टेकवलं आणि झटक्यात मागे आला, चटका बसल्यासारखा. पक्कडने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला. तो परत वाकला.

यावेळी तो मागे आला नाही. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्याने टोक थोडं डावीकडे सरकवलं, मग वर, मग परत चेनवर आणलं. पक्कडने नट सोडून स्क्रू किंचित आवळला, तसे त्याचे डोळे मोठे झाले. तिने स्क्रू मागे घेतला, तशी त्याची मान आपोआप हलली, हां, इथे, इथे. ती थांबली आणि तिने नट आवळला. जागा बरोबर होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "आता सांग गॅरेज बंद कर म्हणून. सांग ना!"

दादाने हाताने तिला गप्प बसायची खूण केली.

टायरवाला टेप गुंडाळत पुढे आला. "मग दादा, सोमवारी ताबा मिळतोय ना?"

दादा वाकलेलाच होता. टायरवाल्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. दादाने दांडा तोंडातून काढला, "नाही" म्हणाला, आणि परत दातात धरला.